सैनिक, मनोरुग्ण आणि संत : संत जॉन ऑफ गॉड यांची जीवनकथा



दरवर्षी ८ मार्च रोजी ख्रिस्तसभा संत जॉन ऑफ गॉड यांचा सण पाळते. हा दिवस जवळजवळ नेहमीच उपवासकाळात येतो, त्यामुळे त्याचा फारसा गाजावाजा होत नाही. रुग्ण, इस्पितळे आणि परिचारिका यांचे आश्रयदाते संत म्हणून आपण त्यांना ओळखतो. आजारी माणसाला खांद्यावर घेऊन जाणारा ब्रदर, असे त्यांचे चित्र आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल.

परंतु हा ब्रदर आधी दोन युद्धांवर गेलेला सैनिक होता, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. सैन्यातून परतल्यावर त्याला कुठेच थारा मिळाला नाही. वयाची चाळिशी ओलांडल्यावर त्याचे मन कोसळले, लोकांनी त्याला वेड्यांच्या इस्पितळात नेऊन टाकले आणि तिथे त्याला दोरांनी बांधून चाबकाने मारले. या सर्वांतून तो कसा बाहेर आला, त्याला कोणी आणि कसा हात दिला, हे आज आपण पाहणार आहोत. युद्धावरून परतलेल्या माणसाच्या मनावर जे ओझे असते, ते उतरवायला इतरांची किती गरज असते हे या जीवनकथेतून कळते.

घर सोडलेला मुलगा

संत जॉन यांचा जन्म १४९५ साली पोर्तुगालमधील मॉन्तेमोर-ओ-नोव्हो या गावी झाला. त्यांचे मूळ नाव जुआंव सिदाद. आईवडील साधे आणि भाविक होते. जुआंव आठ वर्षांचा असताना एक प्रवासी त्यांच्या घरी आला. त्याच्या गोष्टी ऐकून मुलाला दूरदेशीची ओढ लागली आणि आईवडिलांना न सांगता तो घरातून निघून गेला. रस्त्यावरून भटकत तो स्पेनमधील ओरोपेसा या गावी पोहोचला. तेथील काउंटच्या एका कारभाऱ्याने त्याला आसरा दिला. मुलगा त्याच्या मेंढ्या राखू लागला. कामात तो चोख होता, स्वभावाने गोड होता आणि घरातल्या सर्वांचा आवडता झाला.

आपल्या मागे मॉन्तेमोरमध्ये काय घडले, हे मात्र त्याला पुढे कित्येक वर्षे कळले नाही.

पहिले युद्ध : अपमान घेऊन घरी

त्या काळी स्पेनचा सम्राट पाचवा चार्ल्स आणि फ्रान्सचा राजा यांच्यात युद्ध पेटले होते. १५२१ साली फ्रेंचांनी सीमेवरचा फुएन्तेराबिया हा किल्ला जिंकला. तो परत मिळवण्यासाठी सैन्य गोळा होऊ लागले, तेव्हा ओरोपेसाच्या तुकडीबरोबर जॉनही पायदळातला शिपाई म्हणून निघाले. साल होते १५२३ च्या आसपासचे. मेंढ्यांमागे गेलेल्या शांत आयुष्यानंतर त्यांना छावणीचे जग भेटले. तिथे शिव्याशाप होते, दारू होती, जुगार होता. लहानपणापासून जपलेली प्रार्थनेची सवय तिथे सुटत गेली.

या मोहिमेत दोन प्रसंग असे घडले की ते त्यांच्या मनातून पुढे कधी गेले नाहीत.

एकदा तुकडीतले अन्न संपले. जॉन तरुण आणि धाडसी असल्यामुळे अन्न शोधायला निघाले. बसायला फ्रेंचांकडून पकडलेली घोडी होती. ओळखीचा मुलूख दिसताच घोडी आपल्या जुन्या छावणीकडे उधळली. लगाम नसल्याने त्यांना ती आवरेना. तिने त्यांना खडकांवर फेकून दिले. नाकातोंडातून रक्त येत होते, वाचा बंद झाली होती, आणि ते तास-दोन तास तसेच बेशुद्ध पडून राहिले. शुद्धीवर आल्यावर शत्रू आसपास असल्याचे लक्षात आले. पवित्र मरियेचा धावा करीत, काठीच्या आधाराने ते कसेबसे आपल्या लोकांत पोहोचले.

दुसरा प्रसंग याहून वाईट होता. त्यांच्या कप्तानाने शत्रूकडून मिळालेली लूट त्यांना राखायला दिली होती. ती चोरीला गेली. कप्तान संतापला आणि त्याने जॉन यांना झाडाला लटकवून फाशी देण्याचा हुकूम सोडला. गळ्यात दोर पडण्याच्या बेतात असताना तिथून जाणाऱ्या एका मोठ्या अधिकाऱ्याने रदबदली केली. जीव वाचला, पण सैन्यातून त्यांना हाकलून देण्यात आले.

बंधुभगिनींनो, जरा कल्पना करा. ज्या सोबत्यांसाठी अन्न आणताना जीव धोक्यात घातला, त्यांच्याच डोळ्यांदेखत चोर ठरून, मरणाच्या दारातून हा तरुण परत निघाला. शत्रूची गोळी लागून झालेली जखम लोकांना दाखवता येते. अपमानाची आणि भीतीची जखम कोणाला दाखवायची?

पुन्हा मेंढ्या, पुन्हा युद्ध

जॉन ओरोपेसाला परतले. जुन्या धन्याने त्यांना प्रेमाने घरात घेतले आणि पुढची काही वर्षे ते पुन्हा मेंढ्या राखीत राहिले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटले असेल की पोरगा ठिकाणावर आला. पण १५३२ साली तुर्कांचा सुलतान सुलेमान मोठे सैन्य घेऊन व्हिएन्नाच्या दिशेने निघाल्याची बातमी आली, ओरोपेसाचे काउंट सम्राटाच्या मदतीला निघाले, आणि जॉन पुन्हा त्यांच्याबरोबर गेले.

ज्या सैन्याने फाशीचा दोर दाखवला त्याच सैन्यात हा माणूस पुन्हा का गेला? सैनिकांच्या घरच्यांना हे कोडे नवीन नाही. छावणीत प्रत्येक घटकेला काय करायचे ते ठरलेले असते, शेजारी झोपणारा सोबती आपल्यासारखाच असतो. गावात परतल्यावर सगळे शांत असते, आणि ती शांतताच खायला उठते. कुटुंबीय सुखी असतात, त्यांना काही विचारता येत नाही आणि याला काही सांगता येत नाही.

व्हिएन्नाच्या मोहिमेत तुर्कांचे सैन्य मागे फिरले आणि स्पेनचे सैनिक घरी निघाले. जॉन समुद्रमार्गे स्पेनच्या वायव्य टोकाला ला कोरून्या बंदरात उतरले. संत याकोब यांच्या कबरीचे दर्शन घेऊन ते प्रथमच आपल्या जन्मगावी, मॉन्तेमोरला गेले. घर सोडून जवळजवळ तीस वर्षे झाली होती.

गावात त्यांना कोणी ओळखले नाही. शेवटी एक वृद्ध काका भेटले. त्यांच्याकडून कळले की मुलगा नाहीसा झाल्यावर आईने हाय खाल्ली आणि थोड्याच दिवसांत ती वारली. वडिलांनी संसार सोडला, फ्रान्सिस्कन मठात प्रवेश घेतला आणि तेही आता हयात नव्हते. काकांनी राहण्याचा आग्रह केला. पण ज्या घराला आपल्यामुळे कुलूप लागले तिथे राहणे जॉन यांना शक्य नव्हते. आईच्या मरणाचा दोष स्वतःवर घेऊन ते गावातून निघाले.

कुठेच मन लागेना

यापुढची वर्षे नुसत्या वणवणीची आहेत. सेव्हिलजवळ एका श्रीमंत बाईंकडे ते पुन्हा मेंढपाळ झाले. तिथे मन लागले नाही. मग समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या सेउता या पोर्तुगीज ठाण्यावर गेले. तिथे हद्दपार झालेले एक पोर्तुगीज सरदार घराणे उपासमारीत आणि आजारात दिवस काढीत होते. जॉन तटबंदीच्या बांधकामावर मजुरी करीत आणि मिळालेली मजुरी त्या कुटुंबाच्या हाती देत. दुसऱ्यासाठी राबताना त्यांना प्रथमच थोडी शांती मिळाली.

पण तीही टिकली नाही. त्यांचा एक जवळचा सोबती तिथल्या छळाला कंटाळून पळाला आणि त्याने ख्रिस्ती धर्माचा त्याग केला. आपण त्याला आवरू शकलो नाही, हाही दोष जॉन यांनी स्वतःच्याच माथी मारला. आपल्यालाही तारण नाही, असे काळे विचार त्यांच्या मनात येऊ लागले. सेउतामधील एका फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी त्यांचे मन जाणले आणि ताबडतोब स्पेनला परतण्याचा सल्ला दिला.

जिब्राल्टरला उतरल्यावर मजुरीतून थोडे पैसे साठवून त्यांनी पुस्तके आणि पवित्र चित्रे विकत घेतली आणि पाठीवर ओझे घेऊन गावोगाव विकू लागले. हा धंदा त्यांना मानवला. पुढे ग्रानाडा शहरात एल्व्हिरा वेशीपाशी त्यांनी छोटेसे दुकान थाटले. मेंढपाळ, शिपाई, मजूर, फेरीवाला आणि आता दुकानदार. अखेर गाडी रुळावर आली, असे कोणीही म्हटले असते.

मनाचा बांध फुटला

परंपरेप्रमाणे १५३९ सालची ही गोष्ट. २० जानेवारी रोजी संत सेबास्टियन यांच्या सणानिमित्त ग्रानाडातील एका टेकडीवरच्या प्रार्थनामंदिरात प्रवचन होते. प्रवचनकार होते फादर जॉन ऑफ आव्हिला, त्या काळचे दक्षिण स्पेनमधील सर्वांत नावाजलेले धर्मगुरू. संत सेबास्टियन हेही सैनिकच होते. गर्दीत उभे राहून जॉन ते प्रवचन ऐकत होते.

प्रवचन संपता संपता त्यांच्या मनाचा बांध फुटला. मोठ्याने आक्रोश करीत, देवाकडे दयेची याचना करीत ते बाहेर धावले, जमिनीवर लोळले, डोके आपटू लागले, केस आणि दाढी उपटू लागले. तसेच दुकानात येऊन त्यांनी शौर्यकथांची पुस्तके फाडून टाकली, धार्मिक पुस्तके वाटून टाकली, पैसे आणि अंगावरचे कपडेही देऊन टाकले. रस्त्यातली पोरे वेडा वेडा म्हणत मागे लागली. त्यांनी दगड आणि चिखल मारला. जॉन यांनी कोणाला प्रतिकार केला नाही.

काही चरित्रकार म्हणतात की त्यांनी नम्रतेपोटी वेडाचे सोंग घेतले. काही म्हणतात की हा पश्चात्तापाचा महापूर होता. आजच्या वैद्यकाच्या दृष्टीने पाहणाऱ्यांना त्यात खचलेल्या मनाचा आजारही दिसतो. साडेचारशे वर्षांहून जुन्या माणसाला आपण आजाराचे नाव चिकटवू नये, हे खरे. पण या तीन गोष्टींत निवड करण्याची गरजही नाही. देवाची कृपा निरोगी मनातच उतरते असे थोडेच आहे? ती मोडलेल्या मनातही उतरते.

चाबूक आणि दोर

शहरातल्या दोन भल्या माणसांनी दया येऊन त्यांना ग्रानाडाच्या राजेशाही इस्पितळात पोहोचवले. ही भव्य इमारत आजही उभी आहे आणि तिथे आता ग्रानाडा विद्यापीठाचे मुख्य कार्यालय आहे. त्या काळी तिथे मनोरुग्णांना ठेवीत असत. वेड हे मारानेच उतरते, अंगाला वेदना झाल्या की हरवलेली बुद्धी ठिकाणावर येते, अशी तेव्हाची समजूत होती. म्हणून जॉन यांचे हातपाय बांधून त्यांना दुहेरी दोराच्या चाबकाने फटके दिले जात.

स्वतःला बसणाऱ्या फटक्यांबद्दल ते काही बोलत नसत. पण शेजारच्या दुबळ्या रुग्णांना मारलेले पाहून मात्र त्यांचा संताप होई. या दुःखी बांधवांना अशी वागणूक का देता, यांच्यासाठी दानधर्म करणाऱ्यांच्या पैशाचे तुम्ही हेच करता का, असे ते रखवालदारांना विचारीत. त्याबद्दल त्यांना आणखी मार मिळे. आपले स्वतःचे एक इस्पितळ असावे आणि तिथे अशा गरिबांची प्रेमाने सेवा करावी, ही इच्छा त्यांच्या मनात याच भिंतींच्या आत जन्मली.

ज्यांनी ऐकून घेतले

आता या जीवनकथेतील सर्वांत महत्त्वाच्या माणसाकडे येऊ. प्रवचनाच्या त्या दिवशी काही लोकांनी जॉन यांना फादर आव्हिला यांच्याकडे नेले होते. फादर आव्हिला यांनी बाकी सगळ्यांना खोलीबाहेर पाठवले आणि त्यांना जवळ बसवून सारे ऐकून घेतले. जॉन यांनी आपले पूर्ण आयुष्य त्यांच्यापुढे प्रायश्चित्त संस्कारात उलगडले. फादरांनी त्यांना धीर दिला आणि आपला आध्यात्मिक पुत्र मानून, गरज पडेल तेव्हा परत येण्यास सांगितले.

गोष्ट इथेच संपली नाही, हे विशेष. जॉन त्यानंतरही रस्त्यावर सैरभैर फिरत राहिले आणि इस्पितळात पोहोचले, तेव्हा हा माणूस सुधारत नाही असे म्हणून फादर आव्हिला यांनी हात झटकले नाहीत. त्यांनी आपल्या एका शिष्याला इस्पितळात त्यांच्या भेटीला पाठवले, विचारपूस केली, निरोप धाडला. जॉन हळूहळू शांत झाले. त्यांचे दोर सोडण्यात आले. मग त्यांनी त्याच इस्पितळात झाडलोट करायला आणि रुग्णांची सेवा करायला सुरुवात केली.

तिथून सुटल्यावर ते ग्वादालूपे येथील पवित्र मरियेच्या तीर्थस्थानी पायी गेले आणि मग बायेझा गावी फादर आव्हिला यांना भेटले. तिथे काही काळ राहिल्यावर फादरांनी त्यांना ग्रानाडालाच परत पाठवले. ज्या शहराने वेडा म्हणून दगड मारले, तिथेच देवाने त्यांच्यासाठी काम ठेवले होते. यापुढे प्रत्येक मोठ्या निर्णयात जॉन या मार्गदर्शकाचा सल्ला घेत राहिले.

परतीची वाट सोपी नव्हती. पोटासाठी ते डोंगरातून लाकूडफाटा आणून विकू लागले. पहिल्याच दिवशी मोळी घेऊन वेशीपाशी आल्यावर त्यांना लोकांची इतकी लाज वाटली की पुढे पाऊल टाकवेना. त्यांनी मोळी तिथल्याच एका गरीब विधवेला देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी मात्र ते मन घट्ट करून सरळ भर चौकात गेले. लोक हसले, थट्टा केली. त्यांनीही हसून उत्तर दिले. संतांनाही एका दिवसात धीर आला नाही, दोन दिवस लागले, हे आपण लक्षात ठेवू या!

एका खाटेवर एकच रुग्ण

लवकरच त्यांनी मासळी बाजाराजवळ एक घर भाड्याने घेतले आणि रस्त्यावर पडलेले आजारी, अपंग, म्हातारे यांना उचलून आणू लागले. दिवसा रुग्णांना धुणे, पुसणे, भरवणे. रात्री पाठीवर टोपली आणि गळ्यात दोरीने अडकवलेली दोन मडकी घेऊन ते दारोदार भिक्षा मागत. त्यांची हाक आगळी होती. गरिबांवर उपकार करा असे ते म्हणत नसत. दान देऊन स्वतःचेच भले करून घ्या, असे ते लोकांना सांगत.

जागा अपुरी पडू लागली तेव्हा गोमेरेझच्या चढावावर त्यांनी मोठी वास्तू घेतली. त्या काळच्या इस्पितळांत एका खाटेवर दोन-तीन रुग्ण निजवीत. जॉन यांनी प्रत्येकाला स्वतंत्र खाट दिली आणि आजारानुसार रुग्णांना वेगवेगळे ठेवले. ताप आलेले, जखमी, मनोरुग्ण, अपंग, निराधार, वाटसरू असे सर्व जण तिथे असत. पूर्वी सैनिक असलेलेही असत. कोणालाही चाबूक लागत नसे. दोरात बांधले जाणे म्हणजे काय असते, हे त्या घराच्या मालकाला पक्के ठाऊक होते.

तुय येथील बिशप सेबास्टियन रामिरेझ यांनी त्यांना एके दिवशी जेवायला बोलावले. जॉन आपले कपडे भिकाऱ्यांशी बदलून चिंध्या घालीत असत. बिशपांनी त्यांना साधा अंगरखा दिला आणि जॉन ऑफ गॉड, म्हणजे देवाचा जॉन, हे नाव दिले. ज्याला वेडा म्हणत, त्याला आता सारे शहर या नावाने हाक मारू लागले.

त्यांचे पहिले सोबतीही त्यांच्याप्रमाणेच घायाळ मनाचे होते. आन्तोन मार्तिन नावाचा एक माणूस आपल्या भावाचा खून करणाऱ्या पेद्रो वेलास्को याला फाशी व्हावी म्हणून ग्रानाडात ठाण मांडून बसला होता. जॉन यांनी हातात क्रूस घेऊन त्याच्यापुढे गुडघे टेकले आणि क्षमा करण्याची विनवणी केली. आन्तोनचे मन विरघळले. तो स्वतः तुरुंगात गेला, वैऱ्याला मिठी मारली आणि दोघेही जॉन यांच्याबरोबर रुग्णसेवेला लागले.

काळजी संपली नव्हती

आता सर्व दुःख संपले आणि पुढे आनंदीआनंद झाला, असे लिहिले तर ते खोटे ठरेल. जॉन यांची सहा पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत इस्पितळावरच्या कर्जाची काळजी पुन्हा पुन्हा येते. देणेकऱ्यांच्या भीतीने घराबाहेर पडणेही जड जाते, असे ते एका पत्रात कळवतात. आपल्या दुःखाचे ओझे ते लपवीत नाहीत, विश्वासू मित्रांना लिहून सांगतात आणि प्रत्येक पत्रात येशू ख्रिस्तावर भरवसा टाकतात. जखम भरली होती, वण राहिला होता. पण आता ते एकटे नव्हते.

१५४९ साली राजेशाही इस्पितळाला आग लागली. जिथे त्यांना बांधून मारले होते तीच ही इमारत. जॉन ज्वाळांत शिरले, एकेका रुग्णाला पाठीवर घेऊन बाहेर आणले आणि मग खाटा-पांघरुणे खिडकीतून खाली टाकली. म्हणूनच अग्निशमन दलाचे जवानही अनेक ठिकाणी त्यांना आपले आश्रयदाते मानतात.

पुढच्या हिवाळ्यात हेनिल नदीला पूर आला असताना वाहून जाणाऱ्या एका मुलाला वाचवण्यासाठी त्यांनी थंड पाण्यात उडी घेतली. तो मुलगा हाती लागला नाही. जॉन आधीच आजारी होते, ते आता अंथरुणाला खिळले. एका भाविक कुटुंबाने त्यांना आपल्या घरी नेऊन सेवा केली. ८ मार्च १५५० रोजी पहाटे ते अंथरुणातून उठले, क्रूस हाती धरून गुडघ्यांवर प्रार्थना करू लागले आणि त्याच स्थितीत त्यांनी देह ठेवला. वय होते ५५ वर्षे. वेडा म्हणून दगड मारणारे ग्रानाडा शहर त्यांच्या अंत्ययात्रेला लोटले.

त्यांच्या सोबत्यांच्या मंडळाला १५७२ साली पोप पायस पाचवे यांनी मान्यता दिली. १६९० साली जॉन यांना संतपद मिळाले. १८८६ साली पोप लिओ तेरावे यांनी त्यांना रुग्णांचे आणि इस्पितळांचे, तर १९३० साली पोप पायस अकरावे यांनी परिचारिकांचे आश्रयदाते घोषित केले. त्यांचे ब्रदर आपल्या जवळही येऊन गेले आहेत. जुन्या गोव्यात पवित्र टेकडीवर संत जॉन ऑफ गॉड यांच्या नावाचे चर्च आणि मठ आहे. रुग्णसेवेसाठी या ब्रदरांनी १६८५ साली तो उभारला होता. आज हे मंडळ ५० हून अधिक देशांत काम करीत आहे आणि मनोरुग्णांची सेवा हा त्या कामाचा मोठा भाग आहे. फादर जॉन ऑफ आव्हिला हेही १९७० साली संत म्हणून आणि २०१२ साली ख्रिस्तसभेचे महापंडित म्हणून घोषित झाले.

आपल्या घरातला सैनिक

युद्धाचा किंवा तशाच भयंकर अनुभवाचा धक्का मनात घर करून बसतो, हे वैद्यकशास्त्राने आता मान्य केले आहे. १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवानंतर या आजाराला स्वतंत्र नाव आणि व्याख्या दिली. वाईट स्वप्ने पडणे, साध्या आवाजाने दचकणे, झोप न लागणे, एकाएकी राग येणे, माणसांत न मिसळणे, आपण वाचलो आणि सोबती गेला याचा दोष स्वतःला देणे, दारूचा आधार घेणे, ही त्याची काही लक्षणे. हा भित्रेपणा नव्हे, पाप नव्हे आणि भूतबाधा तर नव्हेच. यावर उपचार आहेत आणि त्यांनी माणसे बरी होतात.

आपल्या देशात बहुतेक जवान चाळिशीच्या आसपास, कधी त्याही आधी, निवृत्त होतात. आयुष्याची अर्धी वाट अजून पुढे असते. आपण त्यांच्या गळ्यात हार घालतो, चार दिवस कौतुक करतो. पाचव्या दिवसापासून तो माणूस रात्री ओटीवर जागा बसलेला असतो आणि घरची मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहत असतात. मग कोणी म्हणते, याला शिस्तीची घमेंड आहे. कोणी म्हणते, पेन्शन दारूत घालवतो. ग्रानाडाच्या पोरांनी मारलेले दगड याहून फार वेगळे नव्हते.

संत जॉन यांना मदत झाली ती कशी, हे पुन्हा आठवू या. एका माणसाने दार लावून, घाई न करता त्यांचे सर्व ऐकून घेतले. ते पुन्हा घसरल्यावरही त्याने साथ सोडली नाही. शेवटी त्यांना उपयोगी पडण्याजोगे काम मिळाले. या तिन्ही गोष्टी आपल्या धर्मग्रामात करता येण्यासारख्या आहेत. मात्र जिथे डॉक्टरांची गरज आहे तिथे फक्त प्रार्थनेवर भागवू नका. नोव्हेना करा, आणि मनोविकारतज्ज्ञांकडेही जा. सरकारची टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीतही बोलता येते. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात १ डिसेंबर २०२३ रोजी या सेवेचा खास कक्ष उघडण्यात आला. माजी सैनिकांच्या इतर अडचणींसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असते. कोणी जीव देण्याची भाषा करीत असेल, तर ती थट्टेवारी नेऊ नका. त्या माणसाला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मदत मागा.

आज मिस्सानंतर घरी जाताना आपल्या वाडीतल्या एखाद्या निवृत्त सैनिकाच्या अंगणात थांबा. युद्धाच्या गोष्टी सांगा असा आग्रह धरू नका. नुसते बसा, चहा घ्या, पुढच्या रविवारीही या. त्याला बोलावेसे वाटेल त्या दिवशी ऐकायला आपण तिथे असू, एवढे पुरे आहे.

प्रार्थना करू या : हे प्रभू येशू, तुझा सेवक संत जॉन ऑफ गॉड याला तू युद्धाच्या धुळीतून आणि मनाच्या अंधारातून बाहेर काढलेस. आमच्या घरी परतलेल्या सैनिकांच्या मनाला शांती दे. त्यांच्या बायकामुलांना धीर दे. आणि फादर आव्हिला यांच्यासारखे ऐकणारे कान आम्हा सर्वांना दे. आमेन.